हाकालेसचा ह

जॅकल्स, टेक्सस
६ मार्च २००५

प्रिय मारिसेला,

ओटो क्रूगर गेला. मंगळवारी त्याला मूठमाती दिली. हे तुला कळवायलाच हवं होतं असं नाही. पण सहा वर्षं तो माणूस तुझ्या-माझ्या मधोमध बसून होता, तेव्हा तो उठून गेल्याचं तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटलं.

गर्दी बरीच होती. मी जर्मनांच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो. सव्वीस वर्षं त्याच्या पेंडीच्या दुकानात पोती उचलली, तरी तिथे नेमकं कुठे बसावं ते कळेना. ओटोच्या बायकोने, वांडाने पाहिलं. काळ्या कपड्यांत ती उठून मागे आली आणि माझा दंड धरून मला पुढे घेऊन गेली, घरच्यांच्या ओळीत. पाद्रीबाबांनी माझं नाव घेतलं, ‘यूसीबो लाँगोरिया’. मी मान डोलावली. एऊसेबिओ म्हणणारे आता गावात चारच उरलेत, आणि त्यातल्या दोघांना दात नाहीत.

माझं बरं आहे. साखर थोडी वाढलीय. शुक्रवारी शाळेची मॅच असली की अजून मीच माइक धरतो. शाळेचे नवे मुख्याध्यापक ओहायोचे आहेत. पाण्याच्या टाकीवरचा आपला तो दात विचकणारा कोल्हा पाहून मला म्हणाले, “मिस्टर लाँगोरिया, इथे पूर्वी कोल्हे फार होते का हो?”

मी म्हटलं, “नाही साहेब, झोपड्या फार होत्या.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. माझं इंग्रजी कच्चं आहे असं त्यांना वाटलं असणार. आता त्यांना कुठे सांगत बसू, की आपल्या स्पॅनिशमध्ये हाकाल म्हणजे कुडाची झोपडी, आणि कुणा गोऱ्याने पाटीवरचं नाव आपल्या पद्धतीने वाचलं, आपण ‘जे’ लिहून ह म्हणतो त्याचा ज केला, आणि झोपड्यांचे कोल्हे झाले! शंभर वर्षं झाली. आता टाकीवर कोल्हा, टोप्यांवर कोल्हा, आणि माइकवरून “जॅकल्स!” म्हणून ओरडणारा मी.

हे तुला आवडायचं नाही, माहीत आहे. पण पोरी, नावं लोकांच्या तोंडात वाढतात. तूसुद्धा टीव्हीवरच्या बातम्यांत ‘ॲमरिलो’च म्हणतेस, ‘आमारीयो’ नाही म्हणत. ‘सॅन अँटोनियो’ म्हणतेस, अगदी गोऱ्यांसारखं. सगळ्या राज्यातली नावं त्यांच्या चालीवर वाचायची आणि आपल्या एकट्या गावाचं तेवढं आपल्या चालीवर, असं का केलंस त्या दिवशी? हे मी तुला कधी विचारलंच नाही.

तो दिवस उगाळायचा नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो. पण आता आलाच आहे तर येऊ दे. पुराचा इशारा तू वाचत होतीस. आम्ही दुकानातली मंडळी काउंटरवरच्या टीव्हीसमोर उभे होतो. “ओढ्याकाठच्या हाकालेस गावातल्या लोकांनी ताबडतोब उंचावर जावं,” असं तू म्हणालीस. त्यातला ह घशातून, आरशावर वाफ सोडावी तसा. कुणीतरी म्हणालं, “हे आणि कुठलं गाव?” सगळे हसले. मीही हसलो. चार तासांनी पाणी आलं. माणसं वाचली, ओटोची एकोणीस गुरं वाहून गेली. मग ओटो भेटेल त्याला सांगत सुटला की इशारा ऐकला हो, पण गाव कुठलं तेच समजलं नाही, त्या पोरीने नाव धड घेतलं असतं तर गुरं वर हाकली असती. आणि मी साप्ताहिकात माफीचं पत्र दिलं, की माझ्या मुलीने गावाचं नाव नीट उच्चारलं नाही, तिच्या वतीने मी क्षमा मागतो.

कुणीतरी त्याचं कात्रण तुझ्या चॅनलला पाठवलं. तुला संध्याकाळच्या बातम्यांवरून उचलून पहाटेच्या हवामानावर टाकलं. तू फोन करून एवढंच विचारलंस, “पापा, मी माझ्या गावाचं नाव चुकीचं घेतलं?” मी म्हणालो, “इथे तसं कुणी म्हणत नाही.” तेव्हापासून दर नाताळला एक कार्ड येतं. खाली नुसतं ‘एम’.

परवा चर्चमधून निघताना वांडा म्हणाली, “सेब, तुझ्याशी बोलायचंय. आज नको. घर रिकामं होऊ दे.”

काय बोलायचं असेल कोण जाणे.

तुझा,
पापा

जॅकल्स
२० मार्च

प्रिय मारिसेला,

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी पोस्टमनच्या गाडीचा आवाज आला की मी अंगणात काहीतरी काम काढतो. ग्रेपफ्रूटचं झाड पाणी घालून घालून मारणार आहे मी बहुतेक.

वांडा गुरुवारी आली. हातात केक. मी खुर्ची पुसून दिली, कॉफी ठेवली. ती आपल्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच बसत होती. चाळीस वर्षं एका गावात राहून पहिल्यांदा.

मी म्हटलं, “साखर किती, मिसेस क्रूगर?”

“वांडा म्हण. आणि बस खाली, उभ्याने ऐकण्यासारखं नाहीये.”

बसलो.

“त्या पुराच्या दिवशी,” ती म्हणाली, “ओटो जेवायला घरी आला. हात धुता धुता मला म्हणाला, सेबची पोरगी टीव्हीवर दिसली, ओढा चढतोय म्हणतेय, गुरं वर न्यायला हवीत. मी म्हटलं, मग जा ना. तर म्हणे, जेवतो आणि जातो. जेवला. दोन बिअर प्याला. आरामखुर्चीत आडवा झाला. मी दोनदा हलवलं त्याला. दुसऱ्यांदा माझ्यावर खेकसला. मग मी हलवलं नाही. जाग आली तेव्हा कुरण नव्हतंच.”

तिने कॉफीचा कप दूर सारला.

“गाव कळलं नाही म्हणे! त्याला सांभाळणारी बाई तुमच्यातली होती. पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला इंग्रजी येत नव्हतं, जर्मन आणि स्पॅनिश येत होतं. झोपेत बोलायचा तेसुद्धा स्पॅनिशमध्ये. सहा वर्षं मी गप्प बसले सेब. नवरा होता माझा. आता नाही. तुझ्या मुलीची काही चूक नव्हती.”

असं म्हणून तिने केकचा तुकडा माझ्या पुढ्यात सरकवला आणि स्वतः रडायला लागली. मी रुमाल दिला. तो नेमका गाडीचं तेल पुसायचा निघाला. तिच्या गालावर काळा पट्टा उठला, तो मी दाखवला, तेव्हा हसली.

मला धक्काच बसला, मारिसेला. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्याला खरंच कळलं नव्हतं.

सोमवारी साप्ताहिकाच्या कचेरीत जातो. जसं माफीचं पत्र छापलं तसं हेही छापा म्हणतो. मग तुला पाठवतो.

पापा

जॅकल्स
२ एप्रिल

प्रिय मारिसेला,

छापलं नाही.

मी चांगला शर्ट घालून गेलो होतो. संपादक लाइल होबार्टने पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, “सेब, गेलेल्या माणसाबद्दल हे आता कशाला? आणि नावाचं काय घेऊन बसलास? जॅकल्स काय आणि ते दुसरं काय, पोस्ट तर बरोबर येतं ना?”

मी म्हणालो, “बरोबर आहे तुमचं, मिस्टर होबार्ट.” आणि टोपी घालून बाहेर आलो.

वांडा गाडीत थांबली होती. तिला सांगितलं. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि म्हणाली, “माफीचं पत्र द्यायला तुला दोन दिवस लागले नव्हते. हे परत घ्यायला दोन मिनिटं लागली. तू कुणाला घाबरतोस रे? ओटो मेला.”

मला तिचा राग आला. पण प्रश्न काही जाईना. म्हणून आज जे लिहितोय ते तुझ्या आईलाही मी कधी सांगितलं नव्हतं.

एकोणीसशे एक्कावन्न. मी सात वर्षांचा. मिस प्रुइट नावाच्या बाई होत्या, पांढरे हातमोजे घालायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, कुठे राहतोस? एवढं इंग्रजी मला कळलं. मी खूश होऊन सांगितलं, हाकालेस. त्या म्हणाल्या, पुन्हा. मी पुन्हा तेच म्हणालो, जरा मोठ्याने. मला वाटलं ऐकू गेलं नाही. त्यांनी फळ्यावर खडूने एक गोल काढला आणि त्यात नाक टेकवून मला उभं केलं. टाचा उचलल्याशिवाय नाक पोचत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभा होतो. मध्येच चड्डीत व्हायचं ते झालं. पोरं हसली, माझ्या मावशीची पोरंसुद्धा.

तुझी आजी कापसाच्या शेतावरून मला न्यायला आली. नाकावर खडू होता. तिने काही विचारलं नाही, डोक्याच्या रुमालाने नाक पुसलं. घरी नेऊन आंघोळ घातली. मग टेबलाशी बसली आणि म्हणाली, “त्या बाईंना कसं म्हटलेलं हवंय, ते मला शिकव.”

तिला इंग्रजीचे तीन शब्द येत नव्हते, मारिसेला. ती ‘याकल्स’ म्हणायची. मी म्हणायचो, “नाही आई, ज, ज.” ती पुन्हा ‘याकल्स’. तीन संध्याकाळी आम्ही दोघं बसलो, तव्यावरच्या रोट्या करपल्या. चौथ्या दिवशी तिला ‘जॅकल्स’ जमलं. तेव्हा ती म्हणाली, “झालं. आता या घरात दुसरं नाव नाही. माझ्या तोंडातून चुकून गेलं तर तुझ्या तोंडातून जाईल.” मरेपर्यंत माझ्यासमोर तिने ते दुसरं नाव घेतलं नाही. तिच्या आईबापांनी माती कालवून बांधलेल्या झोपड्यांवरून पडलेलं नाव, एक्काण्णव साली ती गेली तोवर.

तू टीव्हीवर ते म्हणालीस तेव्हा माझ्या पायांत गोळे आले होते. खरंच सांगतो, टाचा उचलल्यासारखे.

आज एवढंच.

पापा

जॅकल्स
११ एप्रिल

मारिसेला,

वीस मार्चच्या पत्रात मी तुला एक खोटं सांगितलं. वांडाचं ऐकून धक्का बसला असं लिहिलं. बसला नव्हता. ओटोला सगळं कळलं होतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दुकानात टीव्हीसमोर तो माझ्या खांद्याशी उभा होता. तू नाव घेतलंस, बाकीचे हसले, पण ओटो हसला नाही. माझ्या कानाशी स्पॅनिशमध्ये म्हणाला, “ऐकलंस? आपल्या लहानपणी म्हातारी माणसं म्हणायची तसं म्हणाली. पोरगी गुणाची आहे तुझी.” मग टोपी उचलून जेवायला गेला.

सोमवारी दुकानात गिऱ्हाइकांपुढे त्याने ती गुरांची गोष्ट सुरू केली. सांगताना एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी तिथे एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. मी पेंडीचं पोतं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. ते आत न्यायचं नव्हतंच, गाडीत भरायचं होतं. आत अंधारात उभा राहून मी माफीचं पत्र मनात जुळवलं. पोरी, मला कुणी सांगितलं नव्हतं लिहायला. ओटोनेही नाही. मला वाटलं, कुणी तुझ्यासाठी गोल काढायच्या आधी मीच वाकलो तर तुला सोडतील.

तसं झालं नाही. तुझं संध्याकाळचं काम गेलं ते माझ्या पत्रामुळे. नावामुळे नाही.

मी मागच्या सोमवारी पुन्हा होबार्टकडे गेलो. वांडाला सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, “सेब, परवाच झालं ना आपलं बोलणं?” मी म्हटलं, “तेव्हा ओटोबद्दल लिहिलं होतं. हे माझ्याबद्दल आहे. माझ्याबद्दल छापायला मेलेल्याची परवानगी लागत नाही.” त्याने वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाला, “हे छापलं तर मैदानावर तुला काय काय ऐकावं लागेल, कल्पना आहे?” मी म्हटलं, “माइक माझ्या हातात असतो, त्यांच्या नाही.”

हे वाक्य मला कुठून सुचलं कुणास ठाऊक.

कात्रण सोबत आहे. चार ओळींचं आहे, तरी इथे पुन्हा लिहितो, कारण छापताना त्यांनी एक शब्द गाळलाय: ‘सहा वर्षांपूर्वी मी या पानावर लिहिलं होतं की माझ्या मुलीने गावाचं नाव चुकीचं घेतलं. ते खोटं होतं. तिने ते बरोबर घेतलं होतं आणि मला ते समजलं होतं. मी माझी माफी परत घेतो, आणि तिची मागतो. एऊसेबिओ लाँगोरिया.’

‘परत’ गाळलंय.

तू उत्तर दे म्हणून हे केलं नाही. दिलंस तर वाचीन.

पापा

हाकालेस
२३ मे

लाडके मारिसेला,

काल तुझी गाडी वळली आणि मी तासभर पायरीवरच बसून होतो. शेजारणीला वाटलं चक्कर आली. तिला म्हटलं, “नाही हो, मुलगी येऊन गेली.” तर म्हणते, “कुठली, ती कोल्ह्यांना झोपडीत घालणारी?” गावात आता तुझं हेच नाव पडलंय. रागावू नकोस, केकच्या दुकानातली बाई तुझ्याबद्दल विचारत होती आणि तिने बिस्किटांवर साखर जास्त घातली.

तुला कबूल केलंच पाहिजे, तू दारात उभी राहिलीस तेव्हा मी वाक्य पाठ करून ठेवलं होतं. ‘येते’ एवढंच लिहिलेलं तुझं कार्ड आल्यापासून आठवडाभर गाडीत बसून म्हणत होतो. “हाकालेसला ये, पोरी, घर तुझंच आहे.” आणि ऐनवेळी तोंडातून जे निघालं ते निघालं. तू एवढी हसलीस की पिशवी खाली पडली. “पापा, हे काय? घसा खाकरताय की गावाचं नाव घेताय?” सहा वर्षांनी माझ्याशी बोललेलं तुझं पहिलं वाक्य. मी ते लिहून ठेवलंय.

आणि दुसऱ्या दिवशी आपण भांडलो तेही बरं झालं. तू म्हणालीस, माफी छापून आणलीत म्हणून सहा वर्षं परत येत नाहीत, पहाटे तीनला उठून मी जे हवामान वाचलं ते पुसलं जात नाही. मी म्हटलं, नाही येत परत. तू म्हणालीस, मग एवढं शांतपणे काय म्हणताय, भांडा ना! मला भांडता येत नाही हे तुला ठाऊक आहे. मी मटण जास्त वाढलं. तेही तू ढकललंस. आणि मग वांडा केक घेऊन दारात आली आणि आपल्या दोघांची तोंडं बघून म्हणाली, “अरे वा, घरी माणसं आलेली दिसतात.”

पण मी लिहायला बसलो ते यासाठी नाही.

रविवारी भांडी पुसताना मी तुला विचारलं, बाकी सगळी नावं त्यांच्या चालीवर, आणि हे एकच का? तू ताट पुसत राहिलीस. म्हणालीस, “बाकीची मी नोकरीसाठी वाचते, पापा. हे एक आजीचं होतं.”

मी म्हटलं, “आजी ते म्हणायची नाही.”

“तुमच्यासमोर नाही म्हणायची. तुम्ही कामावर गेलात की मला ओट्यावर बसवायची आणि माझा हात आधी स्वतःच्या तोंडासमोर धरून म्हणून दाखवायची, मग माझ्या तोंडासमोर धरायची. म्हणायची, तळहाताला वाफ लागली तर बरोबर, नाही लागली तर पुन्हा म्हण. हाकालेस. मला जमलं की पिठाची चिमणी करून द्यायची. आणि शपथ घालायची, पापासमोर नाही हं, त्याला त्रास होतो.”

तू हे सांगून ताट कपाटात ठेवलंस आणि दुसरं उचललंस. मी बाहेर गेलो, झाडाला पाणी घालायचंय म्हणून. झाडाला त्याच सकाळी घातलं होतं. तू आली नाहीस मागे, त्याबद्दल देव तुझं भलं करो.

पन्नासहून जास्त वर्षं मला वाटत होतं की तिने ते नाव टाकलं. माझ्या नाकावरचा खडू पुसता पुसता तेही पुसलं, आणि त्याला कारण मी, असंच धरून चाललो होतो. तिने टाकलं नव्हतं. मला वगळून तुझ्याकडे दिलं होतं. आधी वाईट वाटलं, की मला का नाही. आता वाटतं, ठीक आहे, मी कामावर होतो.

आज सकाळपासून एकच करतोय. तिचा आवाज आठवायला बघतोय. हाका मारतानाचा आठवतो, रागावतानाचा आठवतो. ‘जॅकल्स’ म्हणतानाचा तर अगदी स्पष्ट, तो तिचा चुकीचा य आणि मग बरोबर ज. दुसरं नाव तिच्या आवाजात मला ऐकू येत नाही. सात वर्षांचा होईपर्यंत मी ते रोज ऐकलं असणार, पण एकदाही येत नाही.

तू रविवारी फोन करणार आहेस. तेव्हा ती म्हणायची तसं म्हण. तू म्हणतेस तसं नको, चॅनलवरचं नको, ती तुझ्या हातावर म्हणायची तसं. मी काही बोलणार नाही. फोन कानाशी धरून ठेवीन.

तुझा,
पापा